सुधारणा क्रमांक दोन

८ जानेवारी १९६२, सोमवार. अमरावती

शेषराव साहेबांना सिमेंटवाल्यांकडून नव्या वर्षाच्या दोन डायऱ्या आल्या. एक त्यांनी माझ्या बोर्डावर टाकली. "खासबागे, मुंबईहून मशीनं निघाली. ते बसवाचं काम तुमचं. रोज काय झालं ते यात लिवत जा अन् मले दाखवत जा." दाखवण्यासाठी मी साधी चाळीस पानी वही वेगळी केली. डायरी घरी ठेवणार. साहेबांना सांगण्याजोगं नसेल ते इथं.

मशीनं म्हणजे ड्राफ्टिंग मशीनं, तीन. ड्रॉइंग बोर्डाच्या माथ्याला पकडून बसतात. दोन सांध्यांचा लोखंडी हात, हाताच्या टोकाला काटकोनात दोन पट्ट्या. टी-स्क्वेअर, त्रिकोण, कोनमापक, सगळं त्या एका हातात आलं. पट्ट्या मीटरच्या आहेत. सरकारनं फूट-इंच मोडीत काढले, आता आमच्या ऑफिसानंही काढायचे.

ऑफिस राजापेठेत, वरच्या मजल्यावर. साहेब इंजिनिअर आणि मालक. मी हेड ड्राफ्ट्समन, बावीस वर्षं टी-स्क्वेअर सरकवतो आहे. माझ्याखाली श्रावण भटकर, आणि धर्मपाल तायडे हा ट्रेसर. आम्ही पेन्सिलीनं काढलेल्या शीटवर ट्रेसिंगचं कापड ताणून नकाशा शाईनं उतरवायचा, हे त्याचं काम. वय चोवीस, भातकुलीचा, रोज सायकलनं येतो. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतला आहे. मार्चअखेर त्याला कायम करायचं की नाही हे साहेब मला विचारून ठरवतील.

११ जानेवारी, गुरुवार

खोकी फुटली, मशीनं निघाली, आणि पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. माझ्या बोर्डावरचा हात जागेवर राहीना. सोडला की घसरत खाली, थेट माझ्या पोटावर. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, बारीक टाइपात. मी ते मोठ्या गांभीर्यानं वाचत बसलो. खरं सांगायचं तर चौथ्या पानानंतर मला काही समजलं नाही. श्रावण म्हणाला, "खासबागे भाऊ, हे मशीन तुमच्यावर रुसलं दिसते." मी हसलो, पण कान तापले होते.

धर्मपालनं त्याचं मशीन तासाभरात बसवलं. काटकोनही तपासला. मी त्याला म्हणालो, घाई बरी नव्हे. मग मी खाली चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर माझ्या मशीनचा हात सोडला तिथं थांबतो आहे. धर्मपाल आपल्या बोर्डावर मान घालून बसला होता. मी काही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. संध्याकाळी साहेबांना वहीत दाखवलं, "तिन्ही मशीनं बसवली. गो. खा."

१९ जानेवारी, शुक्रवार

आता हात बसला. रेघ मारायला मजा येते. नव्या पट्टीवर मीटरच्या खुणा इतक्या स्वच्छ आहेत की उगाच काहीतरी मोजावंसं वाटतं. मोजून पाहिलं, माझी चष्म्याची डबी साडेचौदा सेंटिमीटर भरली.

आज दोघांनाही जुना धडा पुन्हा दिला. नकाशावर आकडा लिहिलेला असेल तो वाचायचा, नकाशावर पट्टी लावून माप घ्यायचं नाही. कागद आक्रसतो, ताणतो, नक्कल काढताना लहानमोठा होतो. आकडा नसेल तर जागेवर जाऊन टेप लावायचा. माझ्या गुरूनं मला हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. धर्मपालनं ते वहीत लिहून घेतलं. एवढ्यासाठी कशाला वही, मी म्हणालो.

पोरगा हुशार आहे, पण त्याचं हुशार असणं जरा जास्तच दिसतं. जातीचा प्रश्न नाही, मी तसलं मानत नाही. चहावाला तीन कप आणि एक ग्लास आणतो, ग्लास धर्मपालचा. हे कधी ठरलं मला माहीत नाही. त्याला ग्लासातला चहा आवडत असावा.

३० जानेवारी, मंगळवार

अकोल्याचं मोठं काम आलं. भगवंतशेटच्या जिनिंग फॅक्टरीचं जुनं शेड आहे, भिंती पक्क्या, छप्पर गंजलेलं. त्याच भिंतींवर नव्या लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, टाकून नवं छप्पर करायचं. कैच्या आठ. कापसाचा पुढचा हंगाम यायच्या आत छप्पर हवं, म्हणून साहेब घाईत आहेत. कैच्या अकोल्यातच ठेकेदार देवरावच्या वर्कशॉपात होतील. नकाशे आमचे.

शेटकडचा जुना नकाशा आला, पंचवीस वर्षांपूर्वीचा, फूट-इंचातला. निळ्यावर पांढऱ्या रेघा. इतकी वर्षं घडी घालून ठेवलेला, आणि नेमका घडीवर एक आकडा पुसून गेला आहे. दोन भिंतींमधलं अंतर. कैचीची सगळी लांबी त्याच एका आकड्यावर.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहू की नको असं झालं, पण लिहितो. तो आकडा मी नव्या मशीनवर मोजून घेतला. जुना नकाशा बोर्डावर ताणला, मीटरची पट्टी लावली, बारा मीटर सत्तर सेंटिमीटर आले. काम सुंदर झालं. पेन्सिलची शीट काल पूर्ण केली, आज धर्मपालला ट्रेसिंगला दिली.

तो शीट घेऊन थोडा वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, "सर, हे बारा-सत्तर तुमी वाचलं का मोजलं?"

मी म्हणालो, "तुला काय करायचं?"

"बारा-सत्तरचे एक्केचाळीस फूट आठ इंच होतात जी. असं शेड कोनी बांधते का? चाळीस असन."

"जुन्या मिस्त्र्यांचं काय घेऊन बसलास."

"मी रविवारी अकोल्याले जाऊन टेप लावून येतो. माह्या पैशानं."

श्रावण ऐकत होता. मी म्हणालो, ट्रेसरनं ट्रेस करावं. माझा आवाज पाहिजे त्यापेक्षा चढला होता. तो हो जी म्हणाला आणि शाई घोटायला बसला.

आपल्या हाताखालच्यानं आपल्याच कामाचं माप घ्यायला परगावी जायचं, ही काही शिस्त नव्हे. आज रविवार असता आणि तो न विचारता गेला असता तर बरं झालं असतं, असंही आत्ता लिहिताना मनात येऊन गेलं.

७ मार्च, बुधवार. अकोला ते अमरावती

काल दुपारी देवरावचा फोन आला. आज सकाळच्या गाडीनं साहेब, मी आणि धर्मपाल अकोल्याला गेलो.

पहिली कैची दोरखंडानं वर चढवलेली होती. एक टोक भिंतीवर टेकलं होतं, दुसरं भिंतीच्या पार बाहेर आलेलं. अर्धा मीटर. खाली बाकीच्या सात तशाच लोखंडाच्या पडलेल्या, सगळ्या सारख्या, सगळ्या चुकलेल्या. जिनिंगचे मजूर, बाया, हमाल, सगळे माना वर करून पाहत होते. देवरावनं टेप काढला, धर्मपालनं दुसरं टोक धरलं. चाळीस फूट. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही.

देवराव म्हणाला, "साहेब, भिंती फाकवू का आता?"

मला त्याच क्षणी कळलं. जुना नकाशा एक फुटाला पाव इंचाचा अर्धा भाग धरून काढलेला, म्हणजे खऱ्या शेडच्या शहाण्णवपट लहान. माझी नवी पट्टी शंभरपट धरणारी. चाळीस फूट त्या निळ्या कागदावर बरोबर पाच इंच होतात, आणि माझ्या पट्टीवर पाच इंच म्हणजे बारा-सत्तर. ट्रेसिंग शिकणाऱ्या पोरानं करू नये अशी चूक मी बावीस वर्षांनी केली होती, आणि करू नका म्हणून दोघांना शिकवून केली होती.

साहेबांनी विचारलं, "हे माप आलं कुठून?"

भगवंतशेट माझ्याकडे पाहत होते. मग मी म्हणालो, "ट्रेसिंगमध्ये काही झालं असावं."

हे वाक्य मी म्हणालो. दुसऱ्या कुणी म्हटलं नाही. लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मला असं वाटायला नको की ते आपोआप निघालं.

धर्मपालच्या हातात टेपचं टोक तसंच होतं. तो म्हणाला, "साहेब, पेन्सिलची शीट पाहा." बस, इतकंच. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. गाडीत तो दाराजवळ उभा होता, जागा असूनही. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं.

८ मार्च, गुरुवार

साहेबांनी सकाळी शीट मागितली. ती माझ्या खणात होती. मी म्हणालो, शोधतो. दुपारी म्हणालो, सापडत नाही, ट्रेसिंग झाल्यावर रद्दीत गेली असेल. शीट गुंडाळी करून सदऱ्याच्या आतून घरी आणली. सायकलवर बसताना ती बरगडीला टोचत होती. बेचाळीस वर्षांचा माणूस, पोटाशी कागद लपवून राजापेठेतून जातो आहे. वाटेत ओळखीचा एक भाजीवाला भेटला, वडिलांच्या वेळचा, आमच्या मळ्यातली फुलं त्यानं पुष्कळ वर्षं विकली. त्यानं हाक मारली, मी थांबलो नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१० मार्च, शनिवार

कैच्यांची टोकं कापून नव्यानं रिवेट मारायचे असं ठरलं. दुरुस्त नकाशा मी काढला. नकाशा बदलला की कोपऱ्यात सुधारणेची नोंद करावी लागते, क्रमांक, तारीख आणि कारण. त्याशिवाय जागेवरचा माणूस जुनी प्रत वापरत बसेल. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "झालं ते लिवा," आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मी इंग्रजीत लिहिलं, "सुधारणा १. ट्रेसिंगमधील चूक दुरुस्त केली." त्याच्याच वर चौकट आहे, ट्रेसिंग कुणी केलं त्याची. त्यात ध. ता. ही धर्मपालची अक्षरं आधीपासून होती. अक्षर माझं नेहमीप्रमाणे छान आलं. माझं अक्षर पाहून लोक छापील समजतात.

अमोनियाच्या यंत्रातून चार प्रती काढल्या. भगवंतशेट, देवराव, वर्कशॉप आणि अकोला नगरपालिका. डोळ्यांना पाणी येत होतं. अमोनियाचा वास डोळ्यांना लागतोच, रोज लागतो, पण आज मला ते बरं वाटलं.

१७ मार्च, शनिवार

धर्मपालला आज सोडलं. साहेबांनी मला विचारलं, त्याचं काय करायचं. मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तसं. असं उत्तर देणाऱ्याला मी आजवर हलका माणूस समजत आलो.

त्यानं स्वतःची कंपासपेटी उचलली, शाईची दौत पुसून श्रावणला दिली. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, तुमच्या मशीनचा वरचा स्क्रू दर महिन्याले थोडा आवळत जा. नाहीतर हात पुन्हा घसरन." मग खाली गेला. मी खिडकीतून पाहिलं नाही. श्रावणनं पाहिलं. दिवसभर श्रावण माझ्याशी कामापुरतं बोलला, आणि हा माणूस एरवी भिंतीशीही बोलतो.

मला शिव्या दिल्या असत्या तर मी निदान चिडू शकलो असतो.

२५ मार्च, रविवार

सौ. शकुन सकाळी स्वयंपाकघराच्या फळ्या आवरत होती. जुने कागद काढून नवे घातले. आमच्याकडे फळीवर नेहमी रद्दीतल्या शीटच घालतात, जाड असतात, तेल प्यालं तरी फाटत नाहीत. मी चहा मागायला गेलो तर डाळीच्या डब्याखालून माझीच कैची डोकावत होती. कपाटावर ठेवलेली गुंडाळी तिला सापडली होती.

माझा चेहरा तिनं पाहिला. "कामाची होती का? मंग वर कायले ठेवली धुळीत?"

"नाही, रद्दीच."

ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. डबा सरकवून तिनं आकडा वाचला. "बारा-सत्तर. हे तुमचंच अक्षर हाये. त्या पोट्ट्यानं चुकवलं म्हणत होते तुमी, ते हेच का?"

ती डबे परत मांडत राहिली. सगळे मांडून झाल्यावर म्हणाली, "मले वाटलंच. तुमी त्याचं नाव घेतलं का जेवत नाही." चहा तिनं दिला, पण समोर बसली नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, चहा देऊन ती समोर न बसता अशी कधी राहिली नव्हती.

३ एप्रिल, मंगळवार. अकोला

कैच्या चढल्या. छपराचे पत्रे पडायला लागले. साहेबांनी मला पाहणीला पाठवलं. शेड ठाकठीक दिसतं, कुणाला कधी कळणारही नाही.

देवरावनं उसाचा रस पाजला. बोलता बोलता म्हणाला, "तुमचा तो तायडे आला होता माह्याकडं. मागच्या हप्त्यात. बाप होता संगं."

मी विचारलं, कशाला.

"काम मांगाले. पोट्टा काई बोलला नाई, बापच हात जोडत होता. बुधाजी नाव त्याचं. म्हने, चूक झाली असन तर पाया पडतो, पर काम द्या. मंग मी काय केलं, तुमचा नकाशा काढला अन् वाचून दाखवला त्याले. म्हटलं, बाबा, हे पाह्य, तुह्याच पोराचं नाव हाये वर, अन् खाली लिवलं हाये का ट्रेसिंगची चूक. आता मी त्याले कसं ठेवू? माहे आठ कैच्यांचं लोखंड कापलं गेलं."

"मग?"

"मंग काय. बापानं त्याच्याकडं पाह्यलंबी नाई. उठला अन् चालाले लागला. पोट्टा मागून. म्हने त्या दिवसापासून बोलत नाई त्याच्याशी. भातकुलीचा एक गाडीवान येते माह्याकडं, तो सांगत होता. घरात दोघं पाठ करून जेवतात." देवरावनं ग्लास खाली ठेवला. "बाप म्हने, येवढ्या मोठ्या ऑफिसानं कागदावर लिवलं ते खोटं असन का, अन् हा म्हनते का मी काई केलं नाई. मजुरी करून शिकवलं हो त्यानं त्याले. गावात पयला हाये तो नकाशे काढनारा."

मला उलटी आली. उसाच्या रसाची म्हणालो. उन्हात पितातच कशाला, देवराव म्हणाला.

मी समजत होतो की नोकरी गेली, दुसरी लागेल. पोरगा हुशार आहे. माझी चूक एका नोकरीपुरती आहे असा माझा हिशेब होता, आणि ती मी त्याच्या बापाच्या ताटापर्यंत नेऊन पोचवली.

९ एप्रिल, सोमवार

सहा दिवस गेले. रोज ठरवत होतो, रोज दुपारी उद्यावर टाकत होतो. आज डाळीच्या डब्याखालची शीट काढून घेतली. शकुननं न विचारता तिथं वर्तमानपत्र घातलं.

साहेबांच्या टेबलावर शीट पसरली. म्हणालो, माप मी चुकवलं, पट्टी लावून घेतलं, तायडेनं मला सांगितलं होतं. मला वाटलं होतं, ते ओरडतील.

ते म्हणाले, "खासबागे, बसा. मले काय हे माहीत नव्हतं? ट्रेसर आकडा बनवत नाही, उतरवते. अकोल्यातच समजलं मले."

"मग तुम्ही मला लिहू कसं दिलं?"

"लिवलं कोनं? तुमी." त्यांनी चष्मा पुसला. "हेड ड्राफ्ट्समन चुकला तर माहं ऑफिस चुकलं. उद्या कोनी काम देनार नाही. ट्रेसर चुकला तर एक पोट्टा चुकला. कच्चा होता, काढून टाकला, झालं. अन् त्याचं काय, त्याले सरकारात राखीव जागा हायेत. लागन कुठंतरी." मग शीट गुंडाळून मला परत दिली. "पुन्हा आणू नोका हे."

मी शीट घेऊन जागेवर आलो. त्यांचा राग यावा म्हणून थांबलो, पण त्यांनी सांगितलेला विचार माझ्याही मनात आधीच होता, जागांसकट. शब्द तेवढे नव्हते. ट्रेसिंग श्रावणनं केलं असतं तर अकोल्याला मी त्याचं नाव घेतलं असतं का? आज हा प्रश्न स्वतःला पहिल्यांदा विचारला. नसतं घेतलं.

१२ एप्रिल, गुरुवार

काल साहेब यवतमाळला गेले. मी अकोल्याच्या कामाचं मूळ ट्रेसिंग बाहेर काढलं आणि सुधारणेच्या रकान्यात पहिल्या नोंदीखाली दुसरी लिहिली. नकाशात एकही रेघ बदललेली नाही, तरी सुधारणा. असला प्रकार कुणी ऐकलेला नसेल. तीन वेळा आधी कोऱ्या कागदावर लिहून पाहिलं. पहिल्या दोन्हीत मी स्वतःची बाजू मांडत होतो, घाई होती, आकडा पुसला होता वगैरे. ते सगळं काढलं.

श्रावण मागं येऊन उभा राहिला. वाचलं. म्हणाला, "नोकरी जाईन तुमची."

"जाईल."

"प्रती किती काढाच्या?"

"पाच."

यंत्र त्यानंच चालवलं. एरवी त्यानं कधी आपण होऊन त्या यंत्राला हात लावला नव्हता. आज मी सकाळच्या गाडीनं अकोल्याला जाऊन चार प्रती स्वतःच्या हातानं दिल्या. भगवंतशेटनं न वाचता मुनीमाकडे टाकली. नगरपालिकेतल्या कारकुनानं विचारलं, बदल काहीच नाही तर प्रत कशाला? मी म्हणालो, फाइलीला लावा. देवरावनं वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वाचली. रस विचारला नाही. बरोबर केलं त्यानं.

१३ एप्रिल, शुक्रवार

साहेबांना आज सगळं सांगितलं. ते फार बोलले नाहीत. "किल्ल्या श्रावणजवळ द्या," म्हणाले. मी मशीनवर फडकं टाकलं आणि निघालो. शकुनला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "बरं," म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "आता भातकुलीले जा. मले नोका विचारू कवा. जा."

१५ एप्रिल, रविवार

काल जयंती होती म्हणून गेलो नाही. त्यांच्या सणाच्या दिवशी माझं तोंड कशाला. आज सकाळी सायकलनं गेलो. वस्तीत निळ्या पताका अजून लावलेल्या होत्या. घर विचारावं लागलं. सहा महिने जो माणूस रोज माझ्याशेजारी बसला, त्याचं घर गावाच्या कुठल्या बाजूला ते मला माहीत नव्हतं.

दारात त्याची आई सुंदराबाई ज्वारी पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, बाज टाकली, पाणी आणून दिलं. "तुमीच का ते मोठे सर? तुमच्याकडून लय शिकला म्हनते. आमच्या नशिबात नव्हतं, दुसरं काय." मी पाणी प्यालो. चूळ भरायचं निमित्त करून ते ओतून टाकता येईल असा विचार क्षणभर आला होता, हेही इथं लिहून ठेवतो. प्यालो.

धर्मपाल मागच्या बाजूनं आला, हाताला माती लागलेली. मला पाहून थांबला. मी वाटेत सायकलवर माफीची चार वाक्यं जुळवली होती. ती राहिली, मी पाचवी प्रत त्याच्या हातात दिली. त्यानं लगेच कोपरा पाहिला नाही. आधी सगळा नकाशा पाहिला, डावीकडून उजवीकडे, कैची, टेकू, मापं, जसा नकाशा तपासतात तसा. मग कोपऱ्यावर आला. तिथं पुष्कळ वेळ थांबला.

"किती काढल्या?"

"पाच. चार देऊन आलो."

"म्युनसिपालटीत?"

"तिथंही."

त्यानं मान हलवली. मी बोलायला लागलो, "धर्मपाल, मी तुझ्याशी..."

"ते राहू द्या, सर. मायले वाचता येत नाई, अन् हे इंग्रजीत हाये. तुमी वाचा. मराठीत सांगा तिले."

मी प्रत परत घेतली. माझंच अक्षर, पण सुरुवात सापडेना. मग वाचलं. "सुधारणा दोन. नकाशात बदल नाही. सुधारणा एकमध्ये कारण खोटं लिहिलं होतं. ट्रेसिंगमध्ये चूक नव्हती. माप हेड ड्राफ्ट्समन गोवर्धन खासबागे यांनी चुकीचं घेतलं. ट्रेसर धर्मपाल तायडे यांनी आधी सावध केलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही."

सुंदराबाई उकिडवी बसून ऐकत होती. "म्हंजे माह्या पोरानं चूक नोती केली."

"नाही."

"तुमी केली."

"हो."

"अन् लिवलं त्याच्या नावावर."

"हो," मी म्हणालो.

ती उठली. मला वाटलं आत जाईल, दार लावून घेईल. ती अंगणाच्या टोकाला गेली आणि पलीकडच्या निंबाखाली बसलेल्या माणसांकडे पाहून हाक मारली, "अहो, इकडं या. पोराच्या ऑफिसातले सर आले हायेत."

बुधाजी आला. मागून आणखी तिघं-चौघं आले. वाळलेला उंच माणूस. मला उठायला वेळ मिळायच्या आत त्यानंच मला हात जोडले. ते हात खाली कसे करायला लावावे मला समजेना. तो मुलापासून दूर, उंबऱ्याच्या पलीकडच्या टोकाला बसला. धर्मपाल मातीकडे पाहत होता.

"वाचा," सुंदराबाई मला म्हणाली. "पयल्यापासून. अन् जोऱ्यानं वाचा, त्याले कमी आयकू येते."

मी पहिल्यापासून वाचलं. जोरानं वाचलं.